मे महिन्यातली बहार

उर्दू कवितेत बहार वारंवार येते. थंडी सरते, बर्फ वितळतो, नर्गिस फुलते. मुलं पाठ करतात, आम्ही अर्थ सांगतो. पण रत्नागिरीकडच्या आमच्या मुलांनी ना बर्फ पाहिला, ना नर्गिस. त्यांच्या परसातली बहार येते एप्रिल-मेमध्ये, घामाच्या धारा लागलेल्या असताना, आणि तेव्हा शाळेला सुट्टी! म्हणून हा धडा वर्गात शिकवता येत नाही.

आमच्या मागच्या दारी फणस आणि आंबा. दोन्ही बारमाही हिरवे, त्यामुळे खाली ऊन असं पडतच नाही. मोगरा तिथे कळी धरत नाही. दादीने तिथे भुईचाफ्याचे कंद लावले होते. नाव चाफा, पण कूळ हळद-आल्याचं. उन्हाळ्यात तापलेल्या मातीतून थेट फूल वर येतं. ना पान, ना देठ. कुणीतरी खुडून जमिनीवर ठेवल्यासारखं. फजरनंतर पाहावं तर सुगंध दारापर्यंत आलेला, आणि दुसऱ्या दिवशी ते फूल सुकून शेजारी नवं. पानं मागाहून, पावसाबरोबर. चार-पाच महिने ती सावलीतल्या थोड्याशा उजेडावर कंद पोसतात आणि थंडीच्या सुरुवातीला पिवळी पडून जातात. मेमधलं फूल म्हणजे गेल्या पावसाळ्याची शिल्लक.

त्याच्याच शेजारी फुटबॉल लिली. मूळची आफ्रिकेतली, येमेनच्या डोंगरातही आढळते. मेमध्ये तिचा लाल गोळा उमलतो. फूल एकच वाटतं, पण जवळून पाहावं तर बारीक फुलांचा गुच्छ.

या झाडांची निगा फारशी नाही. कंद 2 इंच खोल, वर पालापाचोळा. हिवाळ्यात पाणी द्यायचं नाही, नाहीतर कंद कुजतो. गड्डा फोडून वाटायचा तोही याच दिवसांत. अडचण एकच. डिसेंबर ते मार्च तिथे काहीच दिसत नाही. मोकळी माती पाहिली की घरातल्या प्रत्येकाला ती रिकामी जागा वाटते.

आमचा धाकटा भाऊ कुवेतला असतो. त्याला रजा मिळते ती डिसेंबरमध्येच. गेल्या खेपेला त्याने परसात फरशी घालायचं ठरवलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पावसात तिथे शेवाळ धरतं आणि अम्मीचे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. रेती येऊन पडली, गवंडी आला. आम्ही म्हणालो, धुण्याच्या दगडापर्यंत वाट कर, फणसाखालचं सोड. तो म्हणाला, "तिथे आहे काय?"

आम्ही पाला बाजूला सारून बोटांनी माती उकरली. एक गड्डा निघाला, खाली मुळांना लटकलेल्या छोट्या गाठी. भावाने तो हातात घेऊन माती झटकली. बारा वर्षांत एकाही मे महिन्यात तो घरी नव्हता.

"रंग कसा असतो रे याचा?" त्याने विचारलं.

"पांढरा. मधली पाकळी जांभळी," अम्मीने आतूनच सांगितलं. "लहानपणी तूच तुडवायचास."

गवंडी दोरी धरून उभाच होता. भावाने त्याला खुंटी उपटायला सांगितली आणि चार फूट अलीकडे ठोकायला लावली.