पर्वतीची हजेरी

पर्वतीसंबंधीं नवें असें काय लिहावयाचें, असा प्रश्न पुणेकर वाचक करतील आणि तो रास्तच आहे. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं येथें देवदेवेश्वराचें देवालय उभारलें. पानिपतच्या आघातानंतर १७६१ सालीं येथेंच त्यांनीं देह ठेवला. १८१७ च्या नोव्हेंबरांत दुसऱ्या बाजीरावांनीं खडकीची लढाई येथूनच पाहिली. आणि १९२९ सालीं अस्पृश्य गणलेल्या बांधवांच्या मंदिरप्रवेशासाठीं येथें सत्याग्रह झाला. हा इतिहास पुष्कळांनीं पुष्कळ वेळां सांगितला आहे. ज्याचे सांधे दुखतात अशा मनुष्यास ही टेकडी कशी दिसते आणि ती त्याच्या कोणत्या उपयोगीं पडते, एवढेंच मला येथें सांगावयाचें आहे.

मला सोरायसिस आणि त्याच्या पाठोपाठ येणारा संधिवात, असे दोन्ही विकार आहेत. सोरायसिसमध्यें कातडीवर तांबूस, जाडसर चट्टे उठतात व त्यांवरून पांढरे पापुद्रे सुटतात. शरीराचें रक्षण करणारी जी अंतर्गत शक्ति, तीच भ्रमानें शरीरावर उलटते. आणि कित्येकांत ती पुढें सांध्यांकडे वळते. मग एखादें बोट मुळापासून टोंकापर्यंत सुजतें, नखांवर सुईनें टोंचल्यासारखे बारीक खळगे पडतात, आणि स्नायूंचीं बंधनें हाडांस जेथें चिकटलेलीं असतात त्या जागा, विशेषतः टांचा, ठणकूं लागतात. अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनें १९६४ सालीं या संधिवाताची स्वतंत्र रोग म्हणून गणना केली. माझ्या कातडीनंतर नऊ वर्षांनीं माझे सांधे धरले. शाळेच्या अखेरच्या दोन वर्षांत फळ्यावर चार ओळी लिहितांना खडू दोनदां हातून सुटत असे.

या व्याधीची एक विलक्षण रीत आहे. झिजलेला गुडघा विसाव्यानें शांत होतो. हा संधिवात मात्र विसाव्यानें आखडतो आणि हालचालीनें सैल होतो. सकाळीं उठतांना अंग लांकडासारखें असतें, आणि तासभर हिंडल्यावर तेंच आपलेंसें वाटूं लागतें. परंतु हिंडण्यास निघावें तर वेदना आड येते, आणि तिच्याहून मोठा असा एक थकवा येतो, जो झोंपेनेंही जात नाहीं. वैद्य म्हणतात 'चाला', शरीर म्हणतें 'निजा'. या ओढाताणींत पुष्कळ रुग्ण हळूहळू खाटेच्या स्वाधीन होतात. खाटेवर स्नायू सुकतात, वजन वाढतें आणि सांध्यांवरचा भार दुणावतो. शिवाय या रोगांत हृदयविकाराचा धोकाही अधिक असतो, म्हणून बैठें जीवन दुहेरी घातक.

पर्वती येथें कामास येते ती तिच्या रचनेमुळें. पायथ्याजवळ सारसबाग आहे. पूर्वीं जेथें नानासाहेबांनीं करविलेलें तळें होतें, तेथें आतां हिरवळ आहे, सपाट वाटा आहेत आणि मधोमध तळ्यांतला गणपति आहे. तेथून टेकडीशीं यावें तों दगडी पायऱ्या सुरू होतात. त्या मीं मोजल्या, १०३ भरल्या. पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या आहेत. एकेका पायरीवर दोन पावलें टाकून थांबतां येतें, व मागचा मनुष्य खोळंबत नाहीं. माथ्यावर देवदेवेश्वर, विष्णु, कार्तिकेय इत्यादींचीं देवालयें आहेत. उत्तरेस सारें शहर पसरलेलें दिसतें, आणि आकाश निरभ्र असेल तर नैर्ऋत्येस सिंहगड. अर्थात् या एकाच स्थळीं सपाट वाट, दहा पायऱ्या, अर्धी टेकडी आणि माथा अशा चार इयत्ता आहेत. ज्याचें उद्यांचें शरीर कसें असेल हें आज सांगतां येत नाहीं, त्यास असें स्थळ लाभणें हें भाग्यच होय.

छत्तीस वर्षें हजेरीपट भरल्यामुळें मला एक गोष्ट ठाऊक आहे. हजेरी निराळी आणि गुण निराळे. जो मुलगा रोज येतो पण परीक्षेंत मध्यम राहतो, त्याचें नांव पटावरून कोणी कमी करीत नाहीं. व्यायामासही मीं हाच नियम लावला. एक वही केली. पायथ्यापर्यंत गेलों कीं त्या दिवसापुढें 'ह' मांडावयाचा. मग बागेंत एकच फेरी होवो अथवा माथा गांठला जावो. माथा गांठल्यास त्याच्याशेजारीं लहानसा ठिपका, इतकेंच. गेल्या वर्षाच्या वहींत ३०७ दिवसांपुढें 'ह' आहे आणि ठिपके अवघे ९४. केवळ ठिपके मोजावयाचे ठरविलें असतें तर फाल्गुनांतच वही मिटली असती. ज्या सकाळीं पाय उचलत नाहीं, त्या सकाळीं घरांतून एवढीच सूचना येते, "चालूं नका हवें तर, पण बूट तरी घाला." बूट घातल्यावर मनुष्य बहुधा दारापर्यंत जातोच.

चढण्याचे कांहीं नियम अनुभवानें व तज्ज्ञांच्या सांगण्यावरून बसले आहेत. उठल्याबरोबर निघूं नये. अंथरुणांतच घोटे फिरवावे, ऊन पाण्यानें स्नान करावें, आणि आखडलेपण उतरल्यावर बाहेर पडावें. चढतांना चांगला पाय पुढें, उतरतांना दुखरा पाय पुढें, हें सूत्र मुलांच्या पाढ्याप्रमाणें पाठ असावें. गुडघ्यांवर खरा ताण उतरतांनाच पडतो. म्हणून चढण्यास जेवढा वेळ लागला त्याहून अधिक वेळ उतरण्यास द्यावा. चढतांना सोबत्याशीं बोलतां आलें पाहिजे. वाक्य तुटूं लागलें कीं थांबावें. व्यायामानंतर दोन तासांनींही वेदना पूर्वीपेक्षां अधिक असेल तर दुसऱ्या दिवशीं माप कमी करावें. बुटाचा पुढचा भाग ऐसपैस असावा, कारण सुजलेलें बोट दाब सोसत नाहीं. शिवाय जेथें कातडी घासते वा सोलते तेथें सोरायसिसचा नवा चट्टा उठूं शकतो. जर्मन वैद्य कोब्नर यांनीं ही खोड एकोणिसाव्या शतकांतच टिपून ठेवली आहे.

२०१८ सालच्या अमेरिकन मार्गदर्शिकेंत या रोगासाठीं धांवण्या-उड्यांपेक्षां पोहणें, योगासनें अशा सांध्यांस हिसका न देणाऱ्या व्यायामांस पसंती दिली आहे. मात्र त्याच सुमारास नॉर्वेमध्यें ६७ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांतील एका गटानें ११ आठवडे सायकलयंत्रावर जोरकस व्यायाम केला. त्यांचा रोग बळावला नाहीं, उलट थकवा कांहींसा कमी झाला. दमल्यामुळें रोग वाढतो ही भीति बाळगणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

तथापि व्यायाम हें औषध नव्हे. योग्य उपचारास विलंब झाल्यास सांध्यांची कायमची हानि होते, आणि ती कोणत्याही टेकडीनें भरून येत नाहीं. सांधा लाल, गरम व सुजलेला असेल तेव्हां त्यास विसांवा द्यावा, बाकीचे हलवावे. मेथोट्रेक्सेट ही गोळी या रोगांत आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतूं शकतें, म्हणून तिचा वार घरांतील सर्वांस ठाऊक असावा. आणि पावसाळ्यांत दगडांवर शेवाळ धरलें म्हणजे पायऱ्यांचा हट्ट सोडावा. आषाढ-श्रावणांत माझी हजेरी बागेंतच लागते.

वेदनेपेक्षां अवघड असा एक चढ आहे, त्याविषयीं लिहिल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. बागेच्या बांकावर मी बाह्या सरसावून बसलों असतां शेजारचे एक गृहस्थ माझ्या कोपराकडे पाहून मुकाट्यानें उठले व पलीकडे जाऊन बसले. त्यानंतर आठ दिवस पाय बरे असूनही घराबाहेर पडण्याचें धैर्य होईना. या दुराव्याचें मूळ जुनें आहे. आपल्या वैद्यकांत 'कुष्ठ' हा शब्द अतिव्यापक आहे. चरकसंहितेंत त्याचे अठरा भेद सांगितले असून सोरायसिसशीं जुळणारें 'किटिभ' त्यांतच येतें. युरोपांतही हा विकार दीर्घकाळ महारोगांत मिसळला जात असे. व्हिएन्नाचे वैद्य हेब्रा यांनीं १८४१ सालीं तो स्पष्टपणें निराळा केला. सोरायसिस स्पर्शानें लागत नाहीं. बांक, पाणी, कपडे, कशानेंही लागत नाहीं. नवव्या दिवशीं सोबतीच्या अण्णांनीं दारांतून हांक मारली, "गुरुजी, पटावर आठ रिकाम्या चौकोनी झाल्या, आतां नांव कमी करूं काय?" त्यांनीं माझा चट्ट्यांचाच हात धरला, आणि आम्ही निघालों. त्या दिवशीं बारा पायऱ्या झाल्या. वहींत ठिपका नाहीं, पण 'ह' ठळक आहे.

वाचकहो, प्रत्येक गांवीं पर्वती असते असें नाहीं. परंतु देवळाची प्रदक्षिणा, नदीचा घाट, तळ्याचा बांध, निदान वाड्याचा सोपा तरी असतोच. कुटुंबांत कोणास ही व्याधि असेल तर अशी एक जागा शोधून द्या, आणि पहिले कांहीं दिवस आपण बरोबर जा. परतल्यावर 'किती चाललां?' असें विचारूं नका. 'जाऊन आलांत ना?' एवढेंच विचारा.