पौर्णिमा... व्हाया दुधनी

२०२५च्या जूनमध्ये पुण्यातल्या एका मैत्रिणीनं मला 'फुल मून मेडिटेशन'चं आमंत्रण दिलं. गच्चीवर योगा मॅट, सुगंधी मेणबत्त्या, चंद्रप्रकाशात 'चार्ज' करायला ठेवलेले क्रिस्टल्स आणि मनातलं नको ते सगळं चिठ्ठीवर लिहून जाळायचा कार्यक्रम. फी पंधराशे रुपये, हर्बल टीसकट! मी जवळजवळ 'हो' म्हणणार होते. तेवढ्यात दुधनीहून मावशीचा फोन आला. "हुणवीला ये की. काका बैलं विकायचं म्हणायलेत. शेवटची हुणवी आहे, बघून तरी जा."

हुणवी म्हणजे पौर्णिमा. कानडीतली 'हुण्णिमे' सीमेवरच्या मराठीत येता येता 'हुणवी' झाली. ज्येष्ठातली ही कारहुणवी, बैलांचा सण. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात पोळा होतो, कोल्हापूरकडे बेंदूर असतो. अक्कलकोट तालुक्यात आणि पलीकडच्या कर्नाटकात बैलांचा मान ज्येष्ठ पौर्णिमेला. म्हणजे ज्या दिवशी पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत नऊवारीतले सेल्फी निघतात आणि सिग्नलवर वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात, डिट्टो तीच पौर्णिमा!

मेडिटेशन कॅन्सल. सॅक भरली.

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवर अक्कलकोट रोडच्या पुढे दुधनी लागतं. इथं महाराष्ट्र जवळपास संपतो. पौर्णिमेच्या आसपास या गाडीत चढायचं तर मनाची तयारी हवी. पाय ठेवायला जागा नसते, कारण अर्धा डबा 'पौर्णिमा करायला' निघालेला असतो. काही जण स्वामी समर्थांसाठी अक्कलकोट रोडला उतरतात, बाकीचे थेट गाणगापूर रोडपर्यंत. दुधनीला उतरणारे आपले मोजकेच.

माझ्या शेजारी पिंपरीचा एक मुलगा होता. वय तिशीच्या आत, गळ्यात कंपनीचं आयकार्ड तसंच राहिलेलं. अकरा पौर्णिमा गाणगापूरला जायचं त्यानं बोललं होतं, ही नववी. भीमा-अमरजेच्या संगमावर आंघोळ, निर्गुण पादुकांचं दर्शन, दुपारी गावातून मधुकरी मागायची आणि परत. नृसिंह सरस्वती स्वतः तिथं माध्यान्हीला भिक्षेला फिरतात अशी श्रद्धा आहे, म्हणून एरवी वेटरला टिप देणारी माणसंही झोळी पसरतात. नवस कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "महिन्यातनं एक दिवस मी कुणाचाच फोन घेत नाही. बॉसला सांगितलंय, पौर्णिमा आहे. साधी रजा मागितली असती तर दिली नसती."

(गाणगापूरला पौर्णिमेला 'बाधा' झाली म्हणून आणलेली माणसंही दिसतात. आरतीच्या वेळी किंचाळणारी, खांबाला लटकणारी. त्याबद्दल माझं मत साधं आहे. पादुकांना जरूर न्या, पण डॉक्टरकडेही न्या.)

असो. दुधनी! नाव ऐकून डोळ्यांसमोर दुधाच्या किटल्या आल्या असतील तर सोडून द्या. हे बाजारपेठेचं गाव. तूर, उडीद, मूग. रोजच्या बाजारभावाच्या यादीत तुरीच्या खाली दुधनीचं नाव दिसतं. दुकानात हिशेब कानडीत, पाटी मराठीत आणि मोबाइलवर गाणं हिंदी. मावशी मूळची सोलापूरची, तीस वर्षांत तिची मराठी आणि कानडी अशी काही मिसळली आहे की ती कुठल्या भाषेत रागावते ते तिलाही कळत नाही.

रात्री अंगणात तिनं मला बारा हुणव्या पाठ म्हणून दाखवल्या. आपण चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती म्हणतो, ती इथं दवनद हुण्णिमे, दवण्याची. आपली नारळी पौर्णिमा इथं नूल हुण्णिमे. नूल म्हणजे सूत, दोरा. बरोबरच आहे, समुद्र चारशे किलोमीटरवर, नारळ टाकणार कुठं? मार्गशीर्षात आपण दत्तजयंती करतो, ती इथं होस्तिल हुण्णिमे, उंबरठ्याची. मला हे फार आवडलं. वर्षभर एकच चंद्र, पण प्रत्येक वेळी तो कुणाच्या तरी नावानं येतो. कधी बैलाच्या, कधी उंबरठ्याच्या, कधी दोऱ्याच्या.

पण सगळं पौर्णिमेलाच का? माझ्या डोक्यात अजून त्या गच्चीवरची 'एनर्जी' फिरत होती. काकांनी विषय एका वाक्यात संपवला. "लाइट कुठं होती? जत्रेवरनं रात्री बैलगाडी घेऊन घरी यायचं म्हटल्यावर चांदणं नको का?"

मी गप्प.

सकाळी बैलांना आंघोळ घातली. एक पांढरा खिलार, बसव्या. दुसरा तांबूस, त्याला नुसतंच 'तांबड्या'. आदल्या संध्याकाळी शिजवलेली ज्वारी खाऊन दोघं खुशीत होते. काकांनी त्यांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळलं. जू घासून घासून तिथं कातडी जाड झालेली असते, अगदी आपल्या टाचेसारखी. तिथंच चोळायचं. त्या वेळी काका एक शब्दही बोलत नव्हते. मग शिंगांना रंग, गोंडे, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल. मावशीनं ओवाळलं आणि पुरणाची पोळी आधी त्यांना दिली, मग आम्हाला. मी विचारलं, "मावशी, काय मागायचं असतं आज?" ती म्हणाली, "आज काय मागायचं नसतंय. वर्षभर त्यांच्याकडनं घेतलंय, आज त्यांचं करायचं. आज जू नाही, काठी नाही."

म्हणजे वर्षातली एक सुट्टी, तीही पूजेसकट. आमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये हे नाही!

मावसभाऊ हिंजवडीत आहे. त्याला यायचं होतं, पण 'रिलीज' होतं. दुपारी व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन बसव्याच्या तोंडासमोर धरला. बसव्यानं स्क्रीन चाटली. तिकडून हसणं ऐकू आलं, मग "बाबा, मीटिंग लागली, ठेवतो." बैल विकायचं कारण खरं तर तोच नाही. गुडघे दुखतात, कडबा महाग, सालगडी मिळत नाही आणि भाड्याचा ट्रॅक्टर दोन दिवसांचं काम तासाभरात करतो. काकांनी हे सगळं मला दोनदा सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी गाव वेशीत लोटलं. कडुनिंबाचा पाला बांधलेला दोर आडवा धरतात आणि सजवलेले बैल त्याच्याकडे पळवत आणतात. त्याला म्हणतात कर तोडणं. पहिल्यांदा दोर तोडणाऱ्या बैलाच्या रंगावरून सालाचा अंदाज! पांढरा आला की पांढरं पीक, म्हणजे ज्वारी. तांबडा आला की तांबडं, म्हणजे तूर. त्या वर्षी मेच्या शेवटीच मान्सून महाराष्ट्रात येऊन धडकला होता आणि जूनच्या सुरुवातीला पुन्हा दडी मारून बसला होता. पेरावं की थांबावं, हे कुणालाच कळत नव्हतं. त्यामुळे वेशीतली गंमत नुसती गंमत नव्हती. माझ्या बाजूचा म्हातारा दोराकडे असा बघत होता, जसे आपण अप्रेझलच्या मेलकडे बघतो.

हलग्या वाजल्या, धूळ उडाली, कुणीतरी मला मागं ओढलं आणि दोर तुटला. तांबडा! आमचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा. आमचे दोघं ऑफिस सुटल्यासारखे निवांत आले. काका तरी खूश. "तूर येतीया."

या सगळ्यात चंद्र कुठं होता? ढगात! आणि मी सोडून एकानंही वर बघितलं नाही. पुण्याहून मी चंद्र बघायला आले होते आणि इथं पौर्णिमा चंद्राशिवाय व्यवस्थित पार पडली होती. तो दिसला बऱ्याच उशिरा, जेवणं झाल्यावर, गोठ्याच्या पत्र्यावर. काका बैलांच्या अंगावरचं सामान उतरवत होते. शिंगांचा गोंडा सोडताना त्यांना उजेड पुरत नव्हता, म्हणून मी मोबाइलचा टॉर्च लावला. "बंद कर," ते म्हणाले. "दिसतंय."

आम्ही तिथंच बसलो. अर्धा तास असेल किंवा जास्त. बैल रवंथ करत होते, कुणी काही बोललं नाही. मेडिटेशन म्हणतात ते हेच का, मला माहीत नाही. क्रिस्टल नव्हते एवढं खरं.

पंधरा दिवसांनी येणाऱ्या अमावास्येला इकडे मातीचे बैल करून पुजतात, मण्णेत्तिन अमावास्ये. ज्याच्या दावणीला खरी जोडी नाही, त्याच्याही घरात त्या दिवशी बैल असतात. मावशीनं त्या वेळी मला फोटो पाठवला. देवघरात मातीची जोडी, एकाला तिनं चुना लावून पांढरं केलं होतं.

सप्टेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यात पाऊस असा कोसळला की सीनेच्या पुरानं हायवे बंद पडले. मी फोन केला तेव्हा काकांची तूर पाण्यात उभी होती, पिवळी पडत होती. "काका, मग कर तोडल्याचं खोटं निघालं?" मी विचारू नये ते विचारलं. ते थोडं थांबून म्हणाले, "बैलानं तूर सांगितली होती. पाणी त्याला कुणी विचारलं नव्हतं."

दिवाळीनंतर जोडी गेली. घेणाऱ्यानं झूल आणि घुंगरंही मागितली, काकांनी दिली नाहीत. ती गोठ्यात खुंटीला आहेत. झूल कसर खाईल म्हणून मावशी रोज भांडते. पुढच्या हुणवीला येताना पुण्याहून डांबराच्या गोळ्या आण, असं तिनं मला बजावलं आहे.

"दुधनीत मिळत नाहीत का गं?"

"मिळतात की. तू आण."