मुक्काम वाईलाच

चँडलर, अ‍ॅरिझोना
८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

परवा फोन मध्येच तुटला, म्हणून लिहायला बसले. वहिनी मागून बोलत होती ते ऐकू आलं बरं का मला. "त्या सेडोनाला सगळं जग जातं, आपण कशाला?" आणि तुझा प्रश्न असा, की मार्चमध्ये तीस फुटी आरव्ही, म्हणजे अख्खं फिरतं घर, घेऊन तिथे दोन रात्री काढाव्यात, की फ्लॅगस्टाफवरून सरळ ग्रँड कॅन्यन गाठावं.

दोन ओळींत सांगता आलं असतं, पण त्या गावाशी माझं जरा भांडण आहे. दोन वर्षांपूर्वी आम्हीही अशीच भाड्याची आरव्ही घेऊन गेलो होतो. मार्चमधला शनिवार, त्यात शाळांना सुटी. हायवे सोडून १७९ नंबरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बेल रॉक समोर येतो. त्याला पाहून गाडीतले सगळे गप्प झाले. पुढे पाऊण तास गप्पच होते, पण ते ट्रॅफिकमुळे. त्या रस्त्यावर एकामागून एक राउंडअबाउट आहेत आणि प्रत्येकात आमचं मागचं चाक मधल्या कट्ट्यावर चढायचं. शेवटी एका ट्रेलच्या पार्किंगमध्ये शिरले. आत वळायला जागा नाही, हे शिरल्यावर कळलं. हे खाली उतरून एस.टी.च्या कंडक्टरसारखे "येऊ द्या, येऊ द्या" करतायत, मागे पंधरा गाड्या खोळंबलेल्या, आणि तेवढ्यात वरच्या कपाटाचं दार उघडून तुरीच्या डाळीचा डबा खाली. अख्ख्या गाडीत डाळ. पुढे गावात कुठेच जागा मिळाली नाही. जमिनीला धड पाय न लावता आम्ही सेडोना 'केलं'.

तरीही जा, असंच म्हणेन. नंतर मी एकदा एकटीच मोटारीने गेले, मंगळवारी, पहाटे. बेल रॉकच्या पायथ्याशी चार-पाच माणसं असतील. थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि बसले. ऊन आधी फक्त शेंड्याला लागलं. मग पडदा खाली सोडावा तसं थराथराने उतरत आलं, आणि काळपट तपकिरी दिसणारा दगड एकेक थर पेटत गेला. उठताना दगडाला हात टेकला तर तळव्याला तांबडी पूड. तो दगड सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूचा. वाळूचा कण मुळात फिकाच, त्याच्यावर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप चढलाय, एवढंच. पाचगणीच्या टेबललँडवर तू गुडघे फोडून घ्यायचास आणि आईला चड्डीचे तांबडे डाग निघता निघायचे नाहीत, आठवतं? तो जांभाही लोखंडानेच तांबडा. दगडाची जात निराळी, डाग तोच.

बाजाराबद्दल वहिनीचं म्हणणं खोटं नाही. वस्ती जेमतेम दहा हजार आणि वर्षाला येणारे तीसेक लाख. टी-शर्टं, गुलाबी जीपा, आणि व्होर्टेक्स. म्हणजे जमिनीतून शक्तीचा भोवरा उठतो म्हणे, आणि पुरावा काय, तर तिथल्या जुनिपरची खोडं पिळवटलेली आहेत. तेजोवलयाचा फोटोही काढून मिळतो. आपल्याकडे काय बुवा कमी होते, की हे पाहायला डॅलसहून यावं! दुसरीकडे निसर्गाच्या रंगात आपला रंग उठून दिसू नये म्हणून इमारतींवर इतकी बंधनं, की तिथल्या मॅकडोनाल्ड्सची कमान पिवळी नाही, निळसर हिरवी आहे. ती मात्र मला आवडते.

खुपली ती निराळीच गोष्ट. गावातली कितीतरी घरं पर्यटकांना रोजावारी भाड्याने जातात, आणि २०१६च्या राज्याच्या कायद्यामुळे गावाला त्यावर बंदी घालता येत नाही. त्यामुळे हॉटेलांत राबणाऱ्या काही जणांवर गाडीत राहायची पाळी आली. २०२४मध्ये नगरपालिकेने त्यांना रात्री गाड्या लावायला एक जागा देऊ केली, तर त्याच नोव्हेंबरात मतदारांनी ती योजना पाडली. ज्याने सकाळी कॉफी आणून द्यायची, त्याने झोपायचं कुठे? गावात राबणाऱ्यांनाच गाडीत झोपायला जागा नाही, तेव्हा रस्त्याच्या कडेला आरव्ही लावून रात्र काढू, हा तुझा बेत सोडून दे. गावातल्या आरव्ही पार्कमध्ये मार्चसाठी आता जागा मिळणं कठीण. जंगलखात्याच्या ठरावीक जागा फुकट आहेत, पण तिथे नळ नाही आणि वाट आपल्या गावच्या पाणंदीसारखी. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाईच असते, तो कागद नीट वाच.

मग काय करायचं? अण्णा करायचे तेच. मे महिन्यात महाबळेश्वर दाखवायचे, पण खोली घ्यायचे वाईला. आपण किती कुरकुरायचो! पहाटेच्या एस.टी.ने पसरणीचा घाट चढायचा, गर्दी व्हायच्या आत पॉइंट बघायचे, दुपारी खाली, आणि संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसायचं. मला त्यातलं आता आठवतं ते वाईच.

इथलं वाई म्हणजे कॉटनवुड. अंतरही तेवढंच, वीसेक मैल. तिथे व्हर्डी नदीकाठी डेड हॉर्स रँच नावाचं स्टेट पार्क आहे. नावाला बिचकू नका. मिनेसोटाहून आलेलं एक कुटुंब रँच विकत घ्यायला हिंडत होतं. कुठली आवडली विचारल्यावर पोरं म्हणाली, ती मेलेल्या घोड्याची. तेच नाव पडलं, आणि पुढे सरकारला जमीन देताना त्यांनी नाव बदलायचं नाही अशी अटच घातली. वीज-पाणी जागेवर मिळतं, मैल्याची टाकी रिकामी करायची सोय वेगळी आहे. तुझा केंद्र सरकारचा सीनियर पास इथे चालणार नाही, कारण हे राज्याचं. पण तांबड्या दगडांच्या ट्रेलपाशी जिथे रेड रॉक पास लागतो, तिथे चालतो.

फ्लॅगस्टाफहून ८९-ए ने ओक क्रीकच्या दरीत उतरू नकोस. रस्ता देखणा आहे, पण ती वळणं मोटारीने बघायची. तू आय-१७ने कँप व्हर्डीपर्यंत खाली ये आणि तिथून २६० धर. लांब पडेल, पडू दे. गुरुवार ते रविवार मात्र टाळ. ट्रेलपर्यंत नेणारी शटल चालू असते त्या दिवशी कॅथीड्रल रॉकचं पार्किंगच बंद ठेवतात.

आरव्ही कॉटनवुडला उभी केलीस की पुन्हा हलवायची नाही. तिथून सेडोनाला बस जाते, पण पहाटेसाठी ती कामाची नाही, म्हणून मी गाडी घेऊन सोमवारी रात्रीच येते. साडेपाचला निघायचं. वहिनीला सांग, बाजारात तासभरसुद्धा घालवायचा नाही, फोटोवाल्याकडे तर नाहीच. दूध आदल्या दिवशी आणून ठेवा, चहा मी करीन.

तुझी,
धाकटी

ता. क. कपाटांच्या दारांना आतून पट्टी लाव, आणि डाळीच्या डब्याला रबर. दोन रबरं लाव.