लाल गुंडी

‘तुम्ही फक्त दिशा द्यायची, काम त्यांचं तेच करतील,’ एवढ्या सूचनेवर मी गडचिरोलीला निघाले. पुण्यात मी वैद्यकीय उपकरणांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते. गावात राहून आरोग्यासाठी काहीतरी नवं घडवणाऱ्या माणसांना वर्षभर साथ द्यायची, असा एका संस्थेचा कार्यक्रम होता आणि त्यात मेंटॉर म्हणून माझं नाव होतं. समोर होत्या एक आशाताई, वेल्डिंगचं दुकान चालवणारे एक दादा, कापडी पॅड शिवणाऱ्या बचत गटाच्या बाया आणि पाण्याच्या टाकीत क्लोरीनचं प्रमाण राखणारं साधन बनवलेला आयटीआयचा एक मुलगा. यांना कोणती दिशा द्यायची, हे मला खरोखरच कळत नव्हतं. सर्किट बिघडलं तर दोष कसा शोधायचा हे मला येतं. इथे बिघडलेलं काही नव्हतंच. प्रत्येकाची वस्तू चालत होती.

आशाताईंनी पिशवीतून एक नाडी काढून माझ्या हातात दिली. परकराला असते तसली साधी नाडी, तिच्यात ओवलेल्या सहा गुंड्या. पाच पांढऱ्या, सहावी लाल. मी ती उलटसुलट करून पाहिली आणि गप्प राहिले, कारण काय विचारावं तेच सुचेना.

‘बाळाचे श्वास मोजाचे रायते ना मॅडम, त्याच्यासाठी,’ त्या म्हणाल्या.

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल, तर घरी आल्यावर आशा त्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. वजन घेते, ताप पाहते, दूध ओढतंय का ते विचारते आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे आणि दुसऱ्यांदाही तितकेच आले तर बाळाला ताबडतोब दवाखान्यात पाठवायचं. ऐकायला सोपं वाटतं. आशाताईंनी मला एका घरी नेलं आणि म्हणाल्या, मोजून बघा.

मला जमलं नाही. आत अंधार होता. बाळाचं पोट इतकं भरभर आणि इतकं थोडं हलत होतं की कुठला श्वास धरायचा तेच कळेना. मध्येच ते काही क्षण थांबलं. माझ्या पोटात गोळा आला. पण आशाताई शांत होत्या. नवजात बाळ असंच श्वास घेतं, थोडा वेळ घाईने, मग जरा थांबून, पुन्हा घाईने. म्हणून तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं चालत नाही, मिनिट पुरं करावंच लागतं. तेवढ्यात आजीने काहीतरी विचारलं आणि माझा आकडा चाळिशीच्या आसपास कुठेतरी हरवला.

आशाताई बारावी शिकलेल्या. साठपर्यंत मोजणं त्यांना अवघड नाही. अवघड आहे ते डोळे पोटावर, कान आजीकडे, एक हात बाळाच्या अंगावरच्या कापडावर ठेवून आकडा धरून ठेवणं. म्हणून त्या दर दहा श्वासांना एक चिंचोका बाजूला ठेवायच्या. बाळाच्या थोरल्या भावाने ते चिंचोके उचलून पळवायला सुरुवात केली, तेव्हा नाडी आणि गुंड्या आल्या. दहा झाले की एक गुंडी सरकवायची. मिनिट संपायच्या आत लाल गुंडी सरकली की सावध व्हायचं. मिनिट कळायला मोबाइल कमरेला खोचून ठेवायचा, थरथरला की थांबायचं. दोन महिन्यांच्या पुढच्या आणि वर्षाच्या आतल्या बाळांना 50 ची मर्यादा असते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी नाडी, तिच्यात पाचवीच गुंडी लाल.

हे सगळं बघून झाल्यावर मला जे वाचायला मिळालं त्याने मी आणखीच गोंधळले. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांना न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून त्यांनी श्वास मोजायचं साधन केलं होतं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, मण्यांच्या ओळी, दहा श्वासांना एक मणी. आशाताईंना त्याची काही कल्पना नव्हती. त्याच गरजेतून त्या स्वतंत्रपणे जवळजवळ तिथेच पोहोचल्या होत्या.

मग हे नवं म्हणायचं की नाही? कार्यक्रमाच्या अर्जात ‘नावीन्य’ असा एक रकाना होता आणि तो मला भरायचा होता. मी त्यांना सगळं सांगितलं, मणी, वाळू, दाया. वाटलं होतं, त्या हिरमुसतील. त्यांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे ही गोष्ट बरोबर आहे जी!’ मग त्यांनी विचारलं, त्या दाया लाल मण्यानंतर काय करायच्या?

या प्रश्नाने मला माझं काम थोडंसं दिसू लागलं. सर्चच्या कामाची ताकद मण्यांत नव्हती, मण्यानंतर जे घडायचं त्यात होती. 39 गावांतल्या प्रशिक्षित आरोग्यदूत बाया बाळाच्या घरी जायच्या, धोक्याची लक्षणं ओळखायच्या आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला तिथेच औषध द्यायच्या, जेंटामायसिनच्या इंजेक्शनसकट. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशांच्या गृहभेटी याच वाटेने उभ्या राहिल्या. आशाताईंच्या गावात मात्र लाल गुंडी सरकल्यावर बाळ उपकेंद्रात न्यावं लागतं, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि पावसाळ्यात मधला नाला भरला की ते तिथेच अडतं.

माझ्या हाताला पहिल्यांदा काम मिळालं ते तपासणीचं. गुंड्या सरकवून आलेला आकडा खरा आहे का? आम्ही असं ठरवलं, की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधी विचारायचं, आईची परवानगी घ्यायची आणि मग आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांनी एकाच वेळी, एकमेकींना न सांगता मोजायचं. आकडे वेगवेगळ्या वहीत. महिनाअखेरीस दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. यात इलेक्ट्रॉनिक्स काहीही नाही. नाडीच्या जागी सेन्सर लावता येईल हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. आशाताईंनी एवढंच विचारलं की सेल संपला तर तो कोण आणून देईल. बेचाळीस दिवसांच्या सगळ्या भेटी पुऱ्या केल्यावर त्यांना मिळतात 250 रुपये. त्यांच्या नाडीला खर्च जवळजवळ नाही, आणि ती तुटली तर शेजारच्या आशेला तिच्या घरच्या गुंड्यांतून दुसरी करता येते. माझ्या मते हा या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण आहे आणि कोणत्याही सुधारणेत तो जाता कामा नये.

वेल्डिंगवाल्या दादांचं कोडं वेगळं. त्यांनी पाड्यावरून रस्त्यापर्यंत रुग्ण आणायला एका चाकाची गाडी केली होती. एकच चाक, कारण शेतांमधल्या धुऱ्यावर दोन चाकं मावत नाहीत. नाल्यात चाकाचा उपयोग नसतो, तिथे चाक काढून चौघांनी खाटेसारखी उचलायची. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, ‘मॅडम, पेटंट भेटते का?’ येत्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी प्रदर्शन होतं आणि गाडी तिथे ठेवायची होती.

मला उत्तर येत नव्हतं. पुण्यातल्या एका ओळखीच्या वकील बाईंना फोन केला. त्यांनी आधी प्रदर्शन थांबवायला सांगितलं. वस्तू एकदा लोकांपुढे मांडली की तिचं नवेपण कायद्याच्या नजरेत सहसा संपतं. आधी तात्पुरता अर्ज करा, व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क 1600 रुपये. मग बारा महिन्यांत पूर्ण अर्ज. दादांनी सगळं ऐकून घेतलं, रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाले की गाडी प्रदर्शनात ठेवू. दुसऱ्या गावातल्या कोणी बघून बनवली तर बनवू दे, फक्त बेअरिंग कोणतं घ्यायचं ते मला विचारावं, नाही तर रुग्ण पडेल. मला त्यांचा निर्णय पटला, तरी हळहळही वाटली. गावातल्या माणसाने हक्क सोडावा आणि शहरातल्याने तो विकत घ्यावा, हे सहज होऊ नये म्हणून कुणीतरी जागं राहायला हवं. मग आम्ही गाडीचं रेखाचित्र, मापं आणि त्यांचं नाव एका कागदावर मराठीत लिहिलं. प्रदर्शनात तो कागद गाडीसोबत राहील.

बचत गटाच्या बायांना कुणीतरी पॅड बनवायचं स्वस्त मशीन तयार करणाऱ्या कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांची गोष्ट सांगितली होती. मशीन कसं बनलं यापेक्षा त्यांना त्यातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटला: मुरुगनंतम यांनी ते मोठ्या कंपनीला न विकता बायांच्या गटांना दिलं. मग पॅड कोण विकणार, कुठे ठेवणार, दुकानदार पुरुष असेल तर मुलगी मागेल का, यावर त्या दुपारभर बोलल्या. मी फक्त लिहून घेत होते, आणि तेही त्यांना उपयोगी पडलं, कारण दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाकडे जाताना तोच कागद त्यांनी नेला.

माझ्या पुढच्या गडचिरोली फेरीची तयारी आता सुरू आहे. सिस्टर मोजायला तयार आहेत, डॉक्टरांनी होकार दिला आहे, पण लाल गुंडी सरकल्यावर पावसाळ्यात बाळ कसं हलवायचं याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. आशाताईंचं म्हणणं, ते एकट्या आशेने ठरवायचं नसतं. पुढच्या बैठकीला सिस्टर, वेल्डिंगवाले दादा आणि नाल्यापलीकडच्या पाड्यावरचे गावपाटील असे तिघेही हवेत. दादांच्या गाडीत आई बाळाला छातीशी धरून बसू शकेल का, हे त्यांना आधी पाहायचं आहे. नाला उतरण्याची वाट न पाहता बैठक जूनच्या आत घ्यायची, असं त्यांनी मला दोनदा बजावलं आहे.