रेघ

साहित्य शिकवू लागण्यापूर्वी काही वर्षे मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी होतो. तापलेल्या पाऱ्यातील इलेक्ट्रॉनांचे वर्तन हा माझ्या अभ्यासाचा विषय होता.

एरवी पाऱ्याची घनता दर घनसेंटिमीटरला साडेतेरा ग्रॅम असते. प्रचंड दाबाखाली, उकळू न देता, त्याला हजार अंशांच्या पुढे तापवत नेले की तो प्रसरण पावतो. अणू एकमेकांपासून दुरावतात. आजवर साऱ्यांचे असलेले इलेक्ट्रॉन मग एकेका अणूशी बांधले जाऊ लागतात. घनता ९च्या आसपास उतरली की पाऱ्याचे धातुपण सरते. तो अद्याप द्रवच असतो. धातुपण हा एकट्या अणूचा गुण नव्हेच, तो समूहाचा गुण आहे, हे तेव्हा उमगले.

माझ्या आलेखात मी ९ या आकड्यावर ठळक उभी रेघ ओढली होती: इकडे धातू, तिकडे अधातू. मार्गदर्शकांनी विचारले, ‘ही रेघ पाऱ्याने ओढली, की तू?’ विद्युतवाहकतेचे बिंदू तर सलग उतरत गेले होते. कुठेही तुटलेले नव्हते. मी रेघ खोडली नाही, वाद घातला. प्रबंध अपुराच राहिला.

आता वर्गात विद्यार्थी विचारतात, गद्य कुठे संपते आणि कविता कुठे सुरू होते? हातात खडू असतो. रेघ मी आजही ओढतो. मात्र ती माझी आहे, हे आधी सांगतो.