दोरी उतरवताना

रविवार, धडगाव. सातपुड्यातल्या या शिवारात आम्ही पाच-सात हौशी तिरकमठेवाले जमलो. माझं धनुष्य शहरात घेतलेलं, नायलॉनच्या दोरीचं. शेजारच्या भिल्ल आजोबांचं मात्र अख्खं बांबूचं. दोरीसुद्धा बांबूच्याच चिपाटीची! पहिल्याच बाणाला दोरी माझ्या डाव्या हातावर सपकन बसली, वळ उठला. आजोबा हसले, "कोपर बाहेर फिरव, पोरा." ते स्वतः बाण तर्जनी आणि मधल्या बोटात धरतात, अंगठा नुसता बाजूला. लोक लगेच एकलव्य सांगतात. मला आपलं वाटतं, सवय आधीची असेल, कथा नंतरची. दुपारी सगळ्यांनी दोऱ्या उतरवल्या; चढवूनच ठेवली तर बांबूचा जोर जातो. माझी गाठ काही सुटेना. शेवटी आजोबांनी दातांनी सोडवली.