सोपो, सोफा आणि मोतीची जागा

'सोफा' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण त्याचे मूळ अरबी 'सुफ्फा'त. सुफ्फा म्हणजे बसायला केलेला उंचवटा. आमच्या गोव्यातल्या जुन्या घरांच्या दारापुढचा बांधीव 'सोपो' आणि बेळगाव-कोल्हापूरकडचा घराचा पुढचा 'सोपा' याच कुळातले. सोपोवर कोणीही बसावे. पाहुणा, पोस्टमन, चिखल तुडवून आलेले पोर. बादलीभर पाणी ओतले की झाले. तीच बैठक दिवाणखान्यात आली, तिला फोम आणि मखमल चढली, आणि 'पाय खाली घे' हे वाक्य घरोघरी सुरू झाले.

हे आठवायला निमित्त झाला तो टिळकवाडीतल्या माझ्या ताईचा सोफा. बेळगावला १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची विहीर अजून आहे, तीच ही टिळकवाडी. ताई लग्न होऊन तिथे गेली त्याला तीस वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले. त्यांचा लाडका गावठी कुत्रा मोती तेव्हापासून सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात, त्यांच्या जागी बसतो. शिवाय संध्याकाळी दोन नातवंडे येतात, हातात दूध-बिस्किटे घेऊन. कापड फाटले, फोम दिसू लागला. जो तो सांगे, नवा रेक्झीनचा सोफा घे आणि कुत्र्याला बाहेर बांध.

ताईने मला फोन केला. "तू हापिसात दरपत्रकं काढतोस, तर माझ्या सोफ्याचं पण काढ. पण एक सांगून ठेवते, मोतीला उतरवायचं नाही."

अट एकच, पण तीच अवघड. मग चोर्ला घाट चढून गेलो आणि ताईबरोबर दुकाने पालथी घातली.

पहिले रेक्झीन. पुसले की स्वच्छ, हे खरे. पण त्यात दोन जाती. विनाइलचे जाड असते, उन्हाळ्यात मांडीला चिकटते आणि वर्षांनी कडक होऊन तडकते. पॉलियुरेथेनचे दिसायला अगदी चामड्यासारखे. मात्र दमट हवेत त्याचा थर सुटतो आणि खपल्या पडू लागतात. कुत्र्याचे नख लागले की वेळही लागत नाही. पावसाळ्याच्या आपल्या मुलखात हे लक्षात ठेवावे.

महागड्या कापडाच्या पट्टीवर 'मार्टिंडेल' असा आकडा असतो. कापड ठरावीक दाबाखाली लोकरीच्या कापडावर घासतात आणि ते झिजेपर्यंत किती घासण्या झाल्या ते मोजतात. घरातल्या रोजच्या वापराला २० हजारांच्या आसपास पुरते, पोरे-कुत्री असतील तर ३० हजार बघावे. पण हा आकडा झिजेचा. नख अडकणे, दूध सांडणे, वास मुरणे याबद्दल तो काही बोलत नाही.

ते सांगितले वडगावातल्या एका विणकर गृहस्थांनी. शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावचा मागांचा भाग, साड्यांसाठी प्रसिद्ध. त्यांनी नमुने उजेडासमोर धरले. उभ्या-आडव्या धाग्यांतून उजेड झिरपला तर वीण विरळ. मग नखाने ओरखडले. "फासे वर आलेलं कापड नको. नख अडकलं की धागा ओढलाच. साधी घट्ट वीण घ्या." बुक्लेसारखी फाशांची कापडे एवढ्यात बाद झाली. कापलेल्या, आखूड लवीची मखमल मात्र नखाला बरी टिकते, मांजरवाल्यांनी तिचा विचार करावा. केस चिकटतात, एवढे सोसावे.

ताईचा प्रश्न वेगळाच होता. "धुता येतं काय रे?" आणि मला वाटते, सगळ्या आकड्यांपेक्षा तोच खरा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, पण उन्हात धरला की उडतो. सोफा कोण उन्हात नेणार? खोळ नेता येते. दुधाचा डाग आधी गार पाण्याने काढावा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. कुत्र्याच्या मुताचा वास फोममध्ये गेला तर वरून कितीही पुसा, जात नाही.

म्हणून शेवटी असे ठरले. जाड सुती कॅनव्हास, घट्ट विणीचे, मोतीच्या रंगाशी जुळणारे मातकट तपकिरी. सुती कापड आटते, म्हणून शिवण्याआधी पाण्यातून काढून वाळवले. प्रत्येक गादीला चेन लावून निघणारी खोळ. खोळीखाली मेणकापड, बाळंतिणीच्या खोलीत असते तसले, फक्त वर आणि बाजूंना, तळ उघडा म्हणजे फोमला हवा लागते. आणि खोळींचे दोन जोड, कारण पावसात एक जोड वाळायला चार दिवस घेतो. दुसऱ्या जोडाचा खर्च कारागिराला उगाच वाटला. ताई म्हणाली, "दोन जोड असू देत की. माणसाला कपडे दोन लागतात, सोफ्याला एकच कसा पुरणार?"

एक पावसाळा गेला. उजव्या कोपऱ्यातली खोळ इतरांपेक्षा फिकी झाली आहे, कारण ती जास्त वेळा धुतली जाते. नातवंडे आता मोतीला टेकून चित्रे काढतात. परवा एक पाहुणे आले आणि मोतीला हुसकू लागले. ताई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "त्याला उतरवायलासा कशाला? बसू दे की, तुम्ही इकडं बसा."

वाचकहो, घरात पोरे आणि जनावरे असतील तर दुकानदाराला 'किती वर्षे टिकेल' हे अवश्य विचारा. पण त्याआधी घरी बसून एक ठरवा, या सोफ्यावर कोणाकोणाला बसू द्यायचे आहे. कापड त्यानंतर निवडा.